मांजरांच्या नसबंदीचा अर्ज कुठे अडतो आणि का

जेट्टीवर, मासळी बाजारात, वाडीतल्या पडवीत रोज मांजरांना घास घालणाऱ्यांना नसबंदीचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी नवी पिल्लं त्यांच्याच दारात येतात. तरी नगर परिषदेत किंवा दवाखान्यात गेलेले बरेच जण हात हलवत परत येतात, आणि बहुतेकांना नाकारण्याचं कारणही धड कळलेलं नसतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या अशा अर्जांत अडचणी त्याच त्याच येतात. त्या आधी माहीत असल्या तर निम्मी पायपीट वाचते.

पहिला खोडा म्हणजे ‘ही योजना कुत्र्यांची आहे’ हे उत्तर. जुने 2001 चे नियम खरोखरच फक्त कुत्र्यांसाठी होते आणि पुष्कळ टेबलांवर तेच डोक्यात बसलेत. 10 मार्च 2023 पासून केंद्र सरकारचे नवे ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023’ लागू आहेत आणि त्यांत मांजरंही येतात. बेवारस प्राण्यांचं लसीकरण आणि निर्बीजीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे, आणि पाळीव प्राण्याची त्याच्या मालकाची. नियमांची प्रत अर्जाला जोडा आणि मांजरांचा उल्लेख आहे तिथे पेनाने रेघ मारा. तोंडी सांगून उपयोग होत नाही. समोरचा माणूस वाईट असतो असं नाही, पण तोंडी ऐकलेल्यावर तो सही करणार नाही.

आता अर्जातली सगळ्यात नडणारी जागा, मालकाचे नाव. दवाखान्याच्या संमतीपत्रात हा रकाना असतोच. अर्जदार बिचारा खरं बोलतो, ‘मालक कोणी नाही,’ आणि मग भूल कोणाच्या जबाबदारीवर द्यायची म्हणून डॉक्टर मागे सरतात. त्यांचंही चूक नाही, मांजर भुलीखाली दगावलं तर विचारायला येणारा कोणीतरी असतोच. दुसऱ्या टोकाला काही जण घाईघाईत स्वतःचं नाव मालक म्हणून घालतात. हे तर मुळीच करू नका. बेवारस मांजराचे मालक म्हणून एकदा सही केली की नगर परिषद हात वर करायला मोकळी, कारण पाळीव प्राण्याचा खर्च मालकाचा. शिवाय उद्या शेजाऱ्याने तक्रार केली की ‘तुमचंच मांजर’ म्हणून तोच कागद तुमच्यासमोर धरला जातो. एका मासळीवाल्या काकूंनी टेबलापाशी उभं राहून सांगितलेलं उत्तर मला फार आवडतं: ‘माजर माजा नाय ओ, पण जेवक माज्याकडेच येता.’ कागदावर हेच लिहायचं. ‘मालक’ हा शब्द खोडून त्याजागी ‘देखभाल करणारी व्यक्ती’ लिहा, बाजूला छोटी सही करा आणि खाली एक ओळ जोडा: ‘सदर मांजर सामुदायिक असून मी त्यास नियमित अन्न देते, शस्त्रक्रिया व भुलीच्या जोखमीची मला कल्पना देण्यात आली आहे.’ डॉक्टरांना कोणीतरी जबाबदार माणूस समोर हवा असतो, आणि या ओळीने तो त्यांना मिळतो.

कुठे जायचं यातही लोक चुकतात. शहरात राहत असाल तर अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करायचा. गावात असाल तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले कालपर्यंतचे ग्रामसेवक. दवाखाना ही वेगळी गोष्ट आहे. गावाजवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना श्रेणी-2 चा असेल तर तिथे बहुतेक वेळा पदविकाधारक कर्मचारी असतात. ते गुरांना लस टोचतात, मलमपट्टी करतात, पण मांजराचं पोट उघडण्याचा अधिकार त्यांना कायद्यानेच नाही. तरीही लोक पिशवीत मांजर घालून तिथे जातात, ‘इथे होत नाही’ ऐकतात आणि ‘सरकारी लोक काम करत नाहीत’ म्हणत घरी येतात. शस्त्रक्रियेसाठी नोंदणीकृत पशुवैद्यच हवा, म्हणजे श्रेणी-1 चा दवाखाना, जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय नाहीतर खासगी डॉक्टर. तिथेही आधी फोन करून एवढंच विचारा: मांजरासाठी भूल आणि टेबल आहे का? गुरांच्या दवाखान्यात म्हशीचं औषध असतं, मांजराच्या मापाचं असेलच असं नाही.

जो कागद कोणाकडेच नसतो तो म्हणजे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं प्रकल्प मान्यता प्रमाणपत्र. हे मंडळ हरियाणात फरीदाबादजवळ बल्लभगडला आहे. त्याच्या मान्यतेशिवाय ना नगर परिषदेला नसबंदीची मोहीम चालवता येते, ना संस्थेला. किनाऱ्यावरच्या लहान गावांत हा कागद असलेली संस्था सापडणं कठीण. म्हणून उत्तर ठरलेलं असतं: ‘आमच्याकडे मान्यताप्राप्त संस्था नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ इथे बहुतेक जण खचतात. पण ही मान्यता आणायची जबाबदारी तुमची, एकट्या स्वयंसेवकाची, नाहीच. नगर परिषद स्वतः मागू शकते किंवा शेजारच्या तालुक्यातल्या मान्यताप्राप्त संस्थेशी करार करू शकते. म्हणून पहिल्याच अर्जात ‘मांजरं पकडून न्या’ असं न लिहिता तीन गोष्टी विचारा: मांजरांसाठी प्रकल्प मान्यता घेतली आहे का, नसल्यास कधी मागणार, आणि चालू निविदेत फक्त श्वान आहेत की मार्जारही. तिसरा प्रश्न फार कामाचा आहे. निविदा केवळ श्वानांची असेल तर ठेकेदार मांजराला हातही लावणार नाही, कारण त्याला त्याचे पैसे मिळणार नाहीत.

आणि एक कळकळीची सूचना. चार मैत्रिणी मिळून, वर्गणी काढून, बॅनर लावून ‘नसबंदी शिबिर’ भरवू नका. मनात कितीही चांगलं असलं तरी मान्यता नसलेली मोहीम म्हणून ती अंगाशी येऊ शकते. तुम्ही खाऊ घालत असलेलं एखादं मांजर डॉक्टरकडे नेऊन शस्त्रक्रिया करून आणणं आणि मोहीम उघडणं यांत फरक आहे. मोहीमच करायची असेल तर संस्था नोंदवा, घटनेतल्या उद्दिष्टांत ‘प्राणी कल्याण’ स्पष्ट लिहा आणि हिशेबांचं लेखापरीक्षण वेळेवर करून घ्या. उद्दिष्टांत ‘शैक्षणिक, सामाजिक व सांस्कृतिक कार्य’ एवढंच लिहून ठेवलेल्या संस्था जीवजंतू कल्याण मंडळाकडे मान्यतेला गेल्या की पहिल्या पानावरच अडतात.

मांजरांची यादी मात्र मन लावून करा. ‘जेट्टीवर पुष्कळ मांजरे आहेत’ एवढ्यावर कोणी काही करत नाही. प्रत्येकीची एक ओळ हवी, म्हणजे अशी: ‘तिरंगी मादी, शेपटीचे टोक वाकडे, अंदाजे दीड वर्ष, बर्फ कारखान्याच्या मागच्या बाजूस, सध्या पिल्ले अंगावर नाहीत, संध्याकाळी होड्या लागल्यावर येते.’ सोबत फोटो. शेवटची दोन वाक्यं सगळ्यात मोलाची, कारण पकडणाऱ्याला कधी यायचं ते कळतं आणि डॉक्टरांना काय अपेक्षित धरायचं ते. जाता जाता सांगते, तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. यादीत ‘तिरंगी बोका’ दिसला की डॉक्टर उरलेल्या यादीवरही विश्वास ठेवत नाहीत.

ना हरकत पत्राचा घोळ वेगळाच. मांजराला नसबंदीला न्यायला शेजाऱ्यांची परवानगी लागते असं कुठल्याही नियमात नाही. पिंजरा ज्या जागेत लावायचा त्या जागेच्या ताबेदाराची मात्र लागते. खासगी आवारात घरमालकाची, अपार्टमेंटमध्ये सोसायटीची, बंदरात ती जागा ज्याच्या ताब्यात आहे त्या खात्याची किंवा मच्छीमार सहकारी सोसायटीची. दोन ओळींचं पत्र आणि शिक्का पुरतो. ‘वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या आणा’ असं कोणी म्हणालं तर तो नियम लेखी मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

तारखांचं गणित दोन ठिकाणी चुकतं. एक पैशाचं. मार्चमध्ये अर्ज देऊन यंदाच्या तरतुदीची अपेक्षा करणाऱ्यांना ‘निधी शिल्लक नाही’ हेच ऐकावं लागतं, आणि ते खरंही असतं. नवा अर्थसंकल्प त्याआधीच ठरत आलेला असतो. पुढच्या वर्षासाठी मागणी दिवाळीनंतर लगेच द्या. गावात असाल तर 2 ऑक्टोबर किंवा 26 जानेवारीच्या ग्रामसभेत विषय पत्रिकेवर घ्यायला आधी लेखी कळवा. ऐनवेळच्या विषयात मांजराचा विषय निघाला की हशा होतो, ठराव होत नाही.

दुसरं गणित मांजरीचं. अंगावर पिणारी पिल्लं असलेल्या आईला नेऊ नये हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून लोक थांबतात, पिल्लं चांगली मोठी होईपर्यंत थांबतात, आणि तेवढ्यात ती पुन्हा गाभण. मांजर साधारण नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं दूध पीत असतानाही तिला पुन्हा दिवस राहू शकतात. पिल्लं दोन महिन्यांची झाली, स्वतः मासे खायला लागली की आईची तारीख घ्या. ती तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा विचारणा पिल्लं महिन्याची असतानाच करा. ‘एक वेत तरी होऊ दे’ ही समजूत कुठून आली देव जाणे, तिला वैद्यकीय आधार नाही. चार-पाच महिन्यांचं पिल्लूही माजावर येतं, तेव्हा यादीत त्या पिल्लांचीही नोंद ठेवा.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते ती मासेमारी बंदीची. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद असतात, जेट्टीवर टाकाऊ मासळी नसते आणि भुकेली मांजरं वस्तीत शिरतात. पिंजऱ्यात सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवला की एरवी दूर पळणारी बिलंदर भाटीही (मादी) आत येते. पकडायला यासारखा काळ नाही, पण शस्त्रक्रियेनंतर ठेवायला याच्याइतका वाईटही नाही. दवाखान्यांत राहण्याची सोय क्वचितच असते, म्हणून तुमच्याकडून हमीपत्र मागतात की जखम भरेपर्यंत मांजर कोरड्या, बंद जागेत ठेवीन. सही करण्याआधी ती जागा खरोखर आहे का बघा. पावसाच्या झडीत पडवी चालत नाही. ओल येते, माश्या बसतात, लाल मुंग्या टाक्यांना लागतात. घरातली एखादी खोली, खाली जुनी चादर आणि मोठा पिंजरा हवा. बोका लवकर सुटतो, मांजरीला जास्त दिवस लागतात. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस धीर धरा. जागा नसेल तर तारीख पाऊस सरल्यावरची घ्या, त्यात कमीपणा नाही.

रात्री पिंजरा लावून झोपायला जाऊ नका. फणसाखाली, काजूच्या बागेकडेला लावलेल्या पिंजऱ्यात सकाळी कांडेचोर, म्हणजे उदमांजर, सापडल्याचे प्रकार होतात. तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. दार उघडून लांब व्हायचं, आणि जखमी वाटला तर वन विभागाच्या 1926 वर फोन करायचा. मांजर चावलं किंवा जोरात ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. रेबीजची लस तिथे मिळते. ‘मांजर ओळखीचं आहे’ हा त्यावर उपाय नव्हे.

नसबंदी झालेलं मांजर जिथून उचललं तिथेच सोडायचं, हे नियमातच आहे. सोसायटीचे अध्यक्ष ‘नेताय तर परत आणू नका’ म्हणतील, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा. खाऊ घालण्यावरून वाद असेल तर नियम 20 बघा. सोसायटीने किंवा स्थानिक संस्थेने खाऊ घालायची जागा ठरवून द्यायची असते, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर. तुम्हीही उष्टी मागे ठेवायची नाहीत. खाऊ घालायला ओळखपत्र लागतं असं कोणी दरडावलं तर तसा नियम दाखवायला सांगा. ऑगस्ट 2025 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचं कात्रणही हल्ली पुढे केलं जातं. तो विषय कुत्र्यांचा होता.

घरच्या मांजरीचं म्हणाल तर तिचा खर्च तुमचा, आणि तो पिल्लं बाजारात किंवा देवळाच्या आवारात सोडण्यापेक्षा स्वस्तच. उपाशी मरेल अशा ठिकाणी प्राणी सोडणं हा 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये, हे वाचून हसावं की रडावं कळत नाही. रकमेकडे बघून कोणी घाबरणार नाही, पण तक्रार नोंदवता येते हे माहीत असू द्या.

अर्ज देताना दोन प्रती न्या, आवक शाखेत एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘साहेब आल्यावर देतो’ म्हणतील, तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका. महिनाभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात त्याच आवक क्रमांकावर काय कार्यवाही झाली ते विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, एकच विषय. मांजरांची माहिती आणि सोसायटीचं भांडण एकाच अर्जात घातलं की तेवढ्या कारणावरून तो परत येतो. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीलाही पाठवा. शस्त्रक्रिया झाल्यावर नसबंदीची ओळख म्हणून कानाला केलेली खूण आणि डॉक्टरांचा दाखला यांचा फोटो त्याच दिवशी यादीतल्या त्या मांजराच्या ओळीसमोर चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षी नवी टोळी पिंजरे घेऊन आली की तिला तीच यादी दाखवायची आहे.