टाइथ बार्न वेगळं आणि ग्रेंजचं कोठार वेगळं

इंग्लंडच्या ट्रिपमध्ये एखादं जुनं भलंमोठं दगडी कोठार दिसलं की फोटोखाली 'टाइथ बार्न' लिहून मोकळं व्हायचं, हे बघून बघून आता खरंच वैताग आलाय. टाइथ म्हणजे दशमांश, मराठी बायबल वाचणाऱ्यांना शब्द ओळखीचा आहे. गावच्या शेतकऱ्यांनी पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, तो साठवायची जागा म्हणजे टाइथ बार्न. एवढं सगळ्यांना माहीत असतं.

गोंधळ होतो ग्रेंजपाशी. ग्रेंज म्हणजे मठाची स्वतःची शेतवाडी: जमीन, गोठे, राहायची जागा आणि कोठार. सिस्टर्शियन हा ख्रिस्ती संन्याशांचा पंथ १०९८ मध्ये फ्रान्समधल्या सीतोला सुरू झाला आणि त्यांचा सुरुवातीचा आग्रहच असा की दुसऱ्याच्या दशमांशावर किंवा खंडावर जगायचं नाही, स्वतः कसून खायचं. पण दिवसरात्र प्रार्थनेच्या वेळा पाळणारा संन्यासी लांबच्या शेतावर कसा राहणार, म्हणून ग्रेंजवर कॉन्व्हर्सी असायचे, म्हणजे व्रत घेतलेले पण मुख्यतः अंगमेहनतीची कामं करणारे बंधू. आणि गंमत बघा, ११३२ मध्ये पोप दुसरे इनोसंट यांनी या पंथाला स्वतः कसलेल्या जमिनीवरचा दशमांश माफच केला. म्हणजे ज्या धान्यावर दशमांश भरायचाच नव्हता त्याच्या कोठाराला आपण दशमांशाचं कोठार म्हणतोय!

कोठाराच्या आकारावरून, छपरावरून काही कळत नाही, ते सोडा. मालक मठ होता यावरूनही ठरत नाही, कारण पुढे मठांनी गावोगावची चर्चं ताब्यात घेतली आणि त्यांचा दशमांशही मठांकडे यायला लागला. विचारायचं एकच, धान्य कोणाच्या शेतातलं?

ऑक्सफर्डशरमधलं ग्रेट कॉक्सवेल घ्या. किंग जॉनने १२०३ मध्ये फॅरिंग्डनची जहागीर सिस्टर्शियनांना दिली, पुढच्याच वर्षी मुख्य मठ हॅम्पशरमध्ये ब्युलीला गेला आणि कॉक्सवेल त्याची ग्रेंज झाली. खरंतर ग्रेंज मठापासून एका दिवसाच्या चालीवर हवी असा पंथाचा नियम, ही तर कितीतरी लांब. तिथलं कोठार साधारण १२९२ च्या सुमाराचं, जवळपास ४६ मीटर लांब, आत लाकडी खांबांच्या दोन रांगा. मठाच्या शेतातलं धान्य ठेवायला बांधलेलं, तरी लोक हटकून टाइथ बार्न म्हणतात.

ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला तर अधिकृत नावच टाइथ बार्न आहे. ते शाफ्ट्सबरीच्या जोगिणींच्या मठाच्या ग्रेंजमधलं, चौदाव्या शतकातलं कोठार. (त्या बेनेडिक्टाइन या दुसऱ्या पंथाच्या, ग्रेंज काही फक्त सिस्टर्शियनांच्याच नव्हत्या.) पाटी बदलणार नाही हे मान्य, पण निदान आपण लिहिताना 'ग्रेंजचं कोठार' लिहूया ना.