स्वीडनचा वेताळ, डेन्मार्कचा डोनाल्ड: आमच्याकडच्या स्कँडिनेव्हियन कॉमिक्सविषयी

आमच्या दुकानात स्वीडिश फँटमचा, म्हणजे आपल्या वेताळाचा, अंक पहिल्यांदा हातात घेणारे बहुतेक जण दोन गोष्टी विचारतात. वेताळाचा पोशाख जांभळा सोडून निळा कसा? आणि ही गोष्ट आपल्याकडच्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये कितव्या अंकात आली होती? पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे. उत्तर युरोपात वेताळ निळाच छापतात, त्यामुळे हा छपाईचा दोष नाही आणि अंक नकलीही नाही. दुसऱ्याचं उत्तर: बहुधा कधीच आली नव्हती. का आली नव्हती, हे सांगायचं तर एग्माँट या डॅनिश प्रकाशनसंस्थेची हकीकत सांगावी लागते.

छापखान्यातून डोनाल्डपर्यंत

एग्माँट हॅराल्ड पीटरसन या पोरसवदा मुद्रकानं १८७८ मध्ये कोपनहेगनला छोटा छापखाना काढला. पुढे त्यात घरगुती साप्ताहिकांची भर पडली. 'येमेट' हे त्यांतलं १९०४ चं आणि सगळ्यांत गाजलेलं. पीटरसन १९१४ मध्ये वारले आणि १९२० मध्ये त्यांच्या नावानं निधी स्थापन झाला. संस्थेची मालकी आजही या निधीकडेच आहे, आणि नफ्याचा काही भाग अडचणीतल्या मुलांसाठी खर्च होतो. कॉमिक्सच्या धंद्यात असा मालक विरळाच.

बराच काळ ही संस्था 'गुटेनबर्गहूस' या नावानं चालली. एग्माँट हे नाव १९९२ पासूनचं, म्हणून जुन्या अंकांवर ते शोधू नका.

कॉमिक्स आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. डिस्नेचे हक्क मिळवून सप्टेंबर १९४८ मध्ये स्वीडनला 'काल्ले आंका', डिसेंबरात नॉर्वेला 'डोनाल्ड डक' आणि मार्च १९४९ मध्ये खुद्द डेन्मार्कला 'अँडर्स अँड' निघालं. नावं तीन असली तरी बदक एकच. मायदेशाचा नंबर शेवटी लागला, ही गंमत आम्हाला अजूनही कळलेली नाही. १९५१ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टला 'एहापा' ही शाखा उघडली. संस्थापकाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून बेतलेलं हे नाव. जर्मन 'मिकी माऊस' याच शाखेकडून निघतं, आणि १९६८ पासून जर्मन अ‍ॅस्टरिक्सही. फिनलंडचा डोनाल्ड, म्हणजे 'आकू आंक्का', मात्र एग्माँटचा नव्हे. तो सानोमा या फिनिश प्रकाशनाचा. आमच्याकडे तो वेगळ्या खोक्यात ठेवलेला असतो.

हक्क अमेरिकेचे, गोष्टी यांच्या

सुरुवातीला अमेरिकेतून आलेल्या गोष्टी भाषांतर करून छापल्या जात. पण मासिकांची साप्ताहिकं झाली आणि नेमकी तेव्हाच अमेरिकेतली डिस्ने कॉमिक्स रोडावत चालली होती. कार्ल बार्क्ससारखा मातब्बर चित्रकार-लेखक १९६६ मध्ये निवृत्त झाला. अंक तर दर आठवड्याला हवा. मग कोपनहेगनच्या संपादकांनी गोष्टी स्वतःच करवून घ्यायला सुरुवात केली.

पद्धत अशी की कथा बहुतेक इंग्रजीत लिहिली जायची, तिचं संपादन कोपनहेगनला व्हायचं, आणि चित्रं मात्र चिली, स्पेन, अर्जेंटिना अशा कुठल्या कुठल्या देशांतून यायची. चिलीचे व्हिकार आणि अर्जेंटिनाचे डॅनियल ब्रांका यांनी उत्तर युरोपातल्या पोरांचा डोनाल्ड घडवला, असं म्हटलं तर ते अतिशयोक्तीचं होणार नाही. तयार चित्रांवर मग डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, जर्मन मजकूर चढायचा.

या गोष्टी ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या पानावर, सहसा एखाद्या चौकटीच्या कडेला, रोमन 'डी'नं सुरू होणारा बारीक क्रमांक असतो. नव्वदच्या दशकातल्या क्रमांकांत 'डी'नंतरचे दोन आकडे त्या कामाचं साल सांगतात. म्हणजे 'डी ९१'नं सुरू होणारी गोष्ट १९९१ च्या यादीतली, मग छापून कधीही आलेली असो. क्रमांक दिसला नाही तर आम्हाला दाखवा, भिंग दुकानात आहे.

याच 'डी' क्रमांकांत अमेरिकेच्या डॉन रोसांचं कामही येतं. अंकल स्क्रूजच्या तरुणपणाची त्यांची बारा भागांची मालिका १९९२ ते १९९४ या काळात आधी डॅनिश वाचकांनी वाचली, अमेरिकेनं नंतर. १९९५ मध्ये तिला कॉमिक्ससाठीचा अमेरिकेतला आयस्नर पुरस्कार मिळाला. रोसांना मिळायचं ते पानामागे ठरलेलं मानधन. पुनर्मुद्रणं कितीही झाली तरी रॉयल्टी नाही. यावर ते पुढे जाहीरपणे बोलले, आणि डोळ्यांच्या दुखण्याबरोबर हेही काम सोडण्याचं एक कारण झालं. त्यांच्या गोष्टींना आमच्याकडे सर्वाधिक मागणी असते, म्हणून ही बाजूही गिऱ्हाइकाला ठाऊक असावी असं आम्हाला वाटतं.

आणि आपला वेताळ

वेताळ स्वीडनमध्ये १९४० साली एका साप्ताहिकातून आला. त्याचं स्वतंत्र नियतकालिक 'फांटोमेन' १९५० पासूनचं. आपल्याकडे इंद्रजाल सुरू झालं १९६४ मध्ये, म्हणजे स्वीडिश वाचक आपल्यापेक्षा चौदा वर्षं थोरले. एग्माँटनं हे नियतकालिक काढलं नाही. ते सेमिक या स्वीडिश प्रकाशनाकडे होतं, आणि सेमिकची कॉमिक्स १९९७ मध्ये एग्माँटकडे आली. त्याआधीच्या बऱ्याच अंकांवर सेमिकचंच नाव दिसेल.

इथेही अडचण तीच. वेताळाचे जनक ली फॉक वर्तमानपत्रांसाठी रोज दोन-चार चौकटी आणि रविवारचं पान लिहीत. एका माणसाच्या एवढ्या लिखाणावर नियमित अंक भरत नाही. म्हणून १९६३ मध्ये पहिली स्वीडिश बनावटीची गोष्ट छापली गेली. १९७२ पासून संपादक उल्फ ग्रानबर्ग यांच्या देखरेखीखाली हे काम नियमित सुरू झालं, आणि या मंडळींना 'टीम फांटोमेन' म्हणू लागले. लेखकांत नॉर्मन वर्कर इंग्रज, क्लास रेमर्टी स्वीडिश; चित्रकार हाइमे वायवे स्पॅनिश, हाइनर बाडं जर्मन, कारी लेप्पानेन फिनिश. इंद्रजालची मदार मुख्यतः फॉकच्या वर्तमानपत्री गोष्टींवर होती, त्यामुळे हा सगळा साठा आपल्या वाचकांपर्यंत आलाच नाही.

या गोष्टींची चव वेगळी आहे. आजचा वेताळ एकविसावा, म्हणजे त्याच्या मागे वीस पिढ्या. फॉकनं त्या पूर्वजांकडे अधूनमधून वळून पाहिलं; स्वीडिश लेखकांनी तिथे तळच ठोकला. शिडाची जहाजं, चाचे, युरोपातले राजदरबार, खऱ्या इतिहासातल्या लढाया, आणि मध्ये कुठला तरी सातवा नाहीतर तेरावा वेताळ. आमचं मत विचाराल तर वायवेंनी चितारलेले अंक आधी घ्या. फॉकचा मिश्कीलपणा मात्र इथे शोधू नका, तो त्याच्याबरोबरच गेला.

आणखी एक घोळ टाळण्यासाठी: इंद्रजालमधला 'देंकाली' देश स्वीडिश अंकात 'बेंगाली' म्हणून येतो. देश तोच.

नाताळात तिकडे कॉमिक्सचे खास विशेषांक निघतात आणि घरोघरी वाचले जातात, अगदी आपल्या दिवाळी अंकांसारखे. नॉर्वेत ही प्रथा शंभरहून अधिक वर्षं चालत आलेली आहे. असे अंक आमच्याकडे थोडे येतात आणि लवकर संपतात.

घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर

भाषा येत नसली तरी डोनाल्डच्या छोट्या गोष्टी नुसत्या चित्रांवरून कळतात. वेताळाच्या ऐतिहासिक गोष्टींचं तसं नाही, त्यांत मजकूर बराच असतो. इंग्रजीतच वाचायच्या असतील तर ऑस्ट्रेलियाच्या फ्र्यू प्रकाशनाचे अंक मागा. १९४८ पासून फँटम छापणाऱ्या या संस्थेनं टीम फांटोमेनच्या कितीतरी गोष्टी इंग्रजीत आणल्या आहेत.

१९६८ पासून निघणारी डोनाल्डची जाडजूड पॉकेट पुस्तकं घेताना पाठ तपासा. ती डिंकाची बांधणी असते, पूर्ण उघडून सपाट केली की पानं सुटतात. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी मूळच्या इटालियन आहेत, 'डी' क्रमांक सगळीकडे मिळणार नाही. पातळ अंकांच्या पिना आपल्या पावसाळ्यात गंजतात आणि मधल्या पानावर तांबडा डाग पडतो. पिशवीत घालून उभे ठेवा, कसर लागू नये म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी उघडून बघा, पण उन्हात वाळवू नका, निळा रंग आधी उडतो.

मागणी नोंदवताना देश, साल आणि अंक क्रमांक सांगा. पातळ स्कँडिनेव्हियन अंकांचे क्रमांक दरवर्षी एकपासून सुरू होतात, त्यामुळे साल नसेल तर नेमका अंक शोधता येत नाही.