सिमॉन ती, सिमोने तो

चौदाव्या शतकात इटलीतल्या सिएना शहरात सिमोने मार्तीनी नावाचा चित्रकार होऊन गेला. सिमॉन द बोव्हुआर ही १९०८ साली पॅरिसमध्ये जन्मलेली फ्रेंच लेखिका. रोमन लिपीत दोघांचं पहिलं नाव तंतोतंत एकच: एस, आय, एम, ओ, एन, ई. त्यामुळे इटालियन फुटबॉल प्रशिक्षक सिमोने इंझागी यांचं नाव नुसतं वाचून कुणी बाई समजलं, तर त्याला हसू नये.

आपल्याकडे किरण मुलगाही असतो, मुलगीही. इथली गोष्ट तशी नाही. फ्रेंचमध्ये हे नाव मुलीचंच आणि इटालियनमध्ये मुलाचंच. सगळा घोळ त्या शेवटच्या ‘ई’चा आहे.

मूळ हिब्रू शिमोन. त्याचा संबंध ‘ऐकणं’ या क्रियापदाशी आहे. बायबलमध्ये लेआ म्हणते की देवाने माझं गाऱ्हाणं ऐकलं, आणि मुलाचं नाव तेच ठेवते. ग्रीकांकडे त्यांचं स्वतःचं सिमोन होतंच, ‘सिमोस’पासून आलेलं, म्हणजे चक्क नकटा! ध्वनी जुळला आणि दोन्ही नावं एक झाली. लॅटिनमध्ये हे नाव वाक्यात चालवताना ‘सिमोनेम’ असं रूप होई. त्यातला ‘म’ गळाला आणि इटालियन सिमोने उरला. म्हणजे इटालियन नावातला शेवटचा ‘ई’ (उच्चार ‘ए’) हा जुन्या विभक्तीचा अवशेष. तो स्पष्ट उच्चारतात आणि त्याचा लिंगाशी काही संबंध नाही. इटलीत मुलगी असेल तर सिमोना.

फ्रेंचमध्ये पुरुषाचं नाव सिमों, शेवटचा ‘न’ नाकात विरलेला. त्याला स्त्रीलिंगी करायला मागे ‘ई’ जोडला. हा ‘ई’ स्वतः मुका, पण त्याच्यामुळे ‘न’ला वाचा फुटते: सिमॉन. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हे नाव फ्रान्समध्ये फार चाललं, म्हणून त्या पिढीत सिमॉन ढिगाने सापडतात. अभिनेत्री सिमॉन सिन्योरे त्यातलीच. अमेरिकी गायिका नीना सिमोनने आपलं आडनाव तिच्यावरूनच घेतलं. ‘लॅक्मे’ नावारूपाला आणणाऱ्या, जिनिव्हात जन्मलेल्या सिमोन टाटांचं नावही हेच.

आपल्याला हाच माणूस इंग्रजांकडून ‘सायमन परत जा’मधला सायमन म्हणून भेटला, तर पोर्तुगीजांकडून सिमांव म्हणून.

देवनागरीचा फायदा असा की सिमॉन आणि सिमोने असं लिहिलं की प्रश्न मिटतो. पण फार खूश व्हायला नको. सिमॉन वेय नावाच्या दोन फ्रेंच स्त्रिया होऊन गेल्या. रोमनमध्ये एकीचं आडनाव ‘डब्ल्यू’ने सुरू होतं, दुसरीचं ‘व्ही’ने, पण फ्रेंच उच्चार दोन्हींचा एकच. म्हणजे इथे रोमन लिपी फरक दाखवते आणि आपली लपवते. डब्ल्यूवाली (१९०९–१९४३) तत्त्वज्ञ. तिने कारखान्यात मजुरी केली, गीता वाचण्यासाठी संस्कृत शिकली आणि ३४व्या वर्षी इंग्लंडमध्ये वारली. व्हीवाली (१९२७–२०१७) नाझींच्या आउशवित्झ छळछावणीतून वाचली, आरोग्यमंत्री झाली, १९७५चा गर्भपाताला परवानगी देणारा कायदा तिने संसदेत लढवून आणला. मराठीत नुसतं ‘सिमॉन वेय’ दिसलं, तर शेजारी सन शोधावा.