हीपचा हिशेब डीबगरच्या पडद्यावर कसा आला

चालू प्रोग्राम मध्येच थांबवून त्याने हीपमधून (चालू असताना मागून घेता येणाऱ्या मेमरीच्या साठ्यातून) किती मेमरी घेतली आहे, ती कोणत्या फंक्शनने मागितली आणि मागील थांब्यापासून तिच्यात किती भर पडली, हे व्हिज्युअल स्टुडिओ किंवा एक्सकोडसारख्या साधनात आज एका बाजूच्या चौकटीत दिसते. ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राम थांबवून त्यातील चुका शोधण्याच्या साधनात, सुरुवातीपासूनच असावी असे वाटते. प्रत्यक्षात खिडक्या आणि माउस असलेले डीबगर १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धातच तयार झाले होते, तर हीपच्या वापराचे चित्र सर्वसाधारण प्रोग्रामरच्या रोजच्या साधनात यायला २०१५ उजाडावे लागले. या विलंबाचे कारण चित्र काढण्याच्या अडचणीत शोधू नये. चित्रासाठी लागणारी माहिती डीबगरकडे नव्हतीच, हे खरे कारण आहे.

डीबगरला प्रोग्रामविषयी जे कळते ते मुख्यतः कंपायलरकडून कळते. स्टॅब्स आणि पुढे ड्वार्फ या स्वरूपांत कंपायलर जी माहिती लिहून ठेवतो, तिच्यात ग्लोबल व्हेरिएबल कोणत्या पत्त्यावर आहे, स्टॅकवरील (फंक्शन चालू असेपर्यंतच टिकणाऱ्या जागेतील) लोकल व्हेरिएबलचे नाव आणि प्रकार काय, कोणती सूचना मूळ मजकुराच्या कोणत्या ओळीतून आली, हे सारे असते. हीपमधील ब्लॉकला मात्र नावच नसते, कारण तो प्रोग्राम चालू असताना जन्माला येतो. लिनक्सवर ६४ बिटांच्या ग्लिबसी या सी लायब्ररीत मॅलॉककडे, म्हणजे हीपमधून मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे, २४ बाइट मागितले तर ३२ बाइटांचा तुकडा दिला जातो आणि २५ मागितले तर ४८ बाइटांचा. परत मिळालेल्या पत्त्याच्या अगदी आधीच्या आठ बाइटांत त्या तुकड्याचा आकार आणि काही खुणेचे बिट लिहिलेले असतात. एवढीच काय ती नोंद. हा तुकडा कोणी मागितला, त्यात कोणत्या प्रकारचा डेटा आहे, तो कधीपासून अडकून पडला आहे, याचा मागमूस तिच्यात नसतो. आणि फ्री करून तुकडा परत दिल्यावर त्यातील डेटाची जागा मेमरी वाटणारा कोड, म्हणजेच अ‍ॅलोकेटर स्वतःच्या मोकळ्या तुकड्यांची साखळी जोडायला वापरतो. शिवाय ही मांडणी प्रत्येक अ‍ॅलोकेटरची वेगळी असते. डग ली यांनी १९८७मध्ये लिहायला घेतलेला अ‍ॅलोकेटर, त्यावरून वोल्फ्राम ग्लोगर यांनी अनेक थ्रेडसाठी घडवलेला आणि ग्लिबसीत गेलेला त्याचा अवतार, विंडोजचा हीप, फायरफॉक्सने २००८च्या सुमारास स्वीकारलेला जेमॅलॉक, या प्रत्येकाच्या अंतर्गत रचनेचे ज्ञान असल्याशिवाय बाहेरून पाहणाऱ्याला हीप हा केवळ बाइटांचा ढीग दिसतो.

म्हणूनच आरंभीच्या दृश्य डीबगरांनी हीपचा वापर मोजण्याऐवजी हीपमधील रचना दाखवण्यावर भर दिला. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ब्रॅड मायर्स यांनी मेसा भाषेसाठी ‘इन्सेन्स’ ही प्रणाली बांधली आणि १९८३मध्ये तिच्यावर निबंध वाचला. रेकॉर्ड चौकटींत आणि पॉइंटर बाणांनी दाखवण्याची पद्धत तिच्यात होती. बेल लॅब्जमध्ये टॉम कारगिल यांनी ‘पाय’ हा अनेक खिडक्यांचा डीबगर लिहिला. १९९०च्या दशकात जर्मनीतील ब्राउनश्वाइग तांत्रिक विद्यापीठातून आलेला डीडीडी हा जीडीबी या मजकुरी डीबगरच्या डोक्यावर बसवलेला दृश्य मुखवटा होता, आणि त्यात पॉइंटरवर दोनदा क्लिक करत लिंक्ड लिस्टची एकेक कडी उलगडत नेता येई. विद्यार्थ्यांना पॉइंटर शिकवण्यासाठी याहून चांगले साधन त्या काळी नव्हते, असे माझे मत आहे. परंतु ज्या ब्लॉककडे एकही पॉइंटर उरलेला नाही, म्हणजेच जो गळाला आहे, तो अशा चित्रात दिसणे शक्यच नव्हते, कारण तिथवर पोहोचायला बाण नसे.

हिशेब ठेवण्याचे काम दुसऱ्याच प्रवाहात चालू होते. १९८७मध्ये पिक्सारमध्ये काम करत असताना ब्रूस पेरेन्स यांनी लिहिलेली इलेक्ट्रिक फेन्स ही लायब्ररी प्रत्येक ब्लॉक मेमरीच्या पानाच्या कडेला टेकवून ठेवी आणि पुढचे पान वापरास बंद करी. मर्यादा ओलांडताच प्रोसेसर स्वतःच प्रोग्राम अडवी आणि डीबगर नेमक्या त्या सूचनेवर थांबे. १९८८मध्ये बेंजामिन झॉर्न आणि पॉल हिल्फिंगर यांनी एमप्रॉफ मांडला, ज्यात प्रत्येक मागणीबरोबर ती कोणत्या फंक्शनांच्या साखळीतून आली हेही नोंदले जाई. आजच्या प्रत्येक हीप-दृश्यामागे हीच कल्पना आहे: मॅलॉकच्या दारात एक कारकून बसवायचा आणि प्रत्येक आवक-जावक त्याच्या खतावणीत चढवायची.

या कल्पनेला बाजारात जम बसवून दिला तो प्युरिफाय या साधनाने. रीड हेस्टिंग्ज (पुढे १९९७मध्ये नेटफ्लिक्स स्थापन करणाऱ्यांपैकी एक) आणि बॉब जॉइस यांनी १९९२च्या युझनिक्स परिषदेत त्याचे वर्णन केले. प्युरिफाय तयार ऑब्जेक्ट कोडमध्येच तपासणीच्या सूचना घुसवी आणि मेमरीतील प्रत्येक बाइटसाठी दोन बिटांची स्थिती राखी: मागितलेलाच नाही, मागितला पण काही लिहिलेले नाही, किंवा मागितला आणि लिहिलेलाही आहे. गळती शोधण्यासाठी ते कचरा-संकलकाची (निरुपयोगी मेमरी आपोआप परत घेणाऱ्या यंत्रणेची) रीत उसनी घेई. ग्लोबल व्हेरिएबल आणि स्टॅकपासून निघून पॉइंटरांच्या मागे जायचे आणि जिथवर पोहोचता आले नाही ते गळलेले धरायचे. डीबगरच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची गोष्ट अशी की प्युरिफायची फंक्शने डीबगरमधून हाताने बोलावता येत, म्हणजे प्रोग्राम थांबवून ‘मागच्या वेळेनंतर नवीन काय गळले’ असे विचारता येई. हिशेब आणि डीबगर यांची गाठ पहिल्यांदा व्यवहारात पडली ती इथे.

दोघांना एकाच खिडकीत आणण्याचे काम नेटाने झाले ते महासंगणकांच्या क्षेत्रात, आणि त्याला तसेच कारण होते. टोटलव्ह्यू हा डीबगर १९८०च्या दशकात अमेरिकेतील बीबीएन कंपनीत तिच्या बटरफ्लाय या समांतर संगणकासाठी जन्मला. शेकडो प्रक्रिया एकत्र चालणाऱ्या गणनेत एकाच प्रक्रियेची मेमरी फुगत गेली तरी संपूर्ण काम कोसळते, आणि अशा वेळी शेकडो मजकुरी अहवाल वाचत बसणे कोणाच्याही आवाक्यातले नसते. टोटलव्ह्यूमध्ये पुढे मेमरीस्केप या नावाने मिळालेली सोय प्रोग्राम आणि मॅलॉक यांच्या मध्ये स्वतःची एक लायब्ररी सरकवते. ती प्रत्येक ब्लॉकचा पत्ता, आकार आणि मागणीच्या क्षणीचा कॉल स्टॅक (फंक्शनांची साखळी) लिहून ठेवते. त्यावरून डीबगर हीपचा संपूर्ण पत्ता-पट्टा रंगीत तुकड्यांनी भरून दाखवतो, ज्यात वापरातील, गळलेले आणि मुद्दाम रोखून ठेवलेले ब्लॉक वेगवेगळे ओळखू येतात, मोकळ्या जागेची चाळण डोळ्यांना दिसते आणि एका तुकड्यावर क्लिक केले की त्याच कॉल स्टॅकमधून आलेले बाकीचे ब्लॉकही उठून दिसतात. नव्या ब्लॉकमध्ये तो ए११०सीए७एफ हा षोडशमान नमुना भरतो आणि मुक्त केलेल्यात डीईए११०सीएफ. रोमन लिपीत १ला एल, ०ला ओ आणि ७ला टी समजून वाचले की ‘अ‍ॅलोकेट’ आणि ‘डीअ‍ॅलॉक’ हे शब्द जवळजवळ उमटतात. व्हेरिएबलच्या चौकटीत असा नमुना दिसला की पुढचे निदान निम्मे झालेच म्हणायचे.

मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीनेही याच युक्तीची स्वतंत्र परंपरा चालवली आहे. डीबग बांधणीत (चुका शोधण्यासाठी कंपाइल केलेल्या प्रोग्राममध्ये) नवीन ब्लॉक सीडी या बाइटने आणि मुक्त केलेला डीडीने भरला जातो, दोन्ही कडांना एफडीचे चार-चार बाइट पहाऱ्याला असतात आणि प्रत्येक मागणीला अनुक्रमांक मिळतो. गळतीच्या यादीत तो क्रमांक छापला जातो. पुढच्या वेळी तोच क्रमांक आधी सांगून ठेवला की डीबगर त्या मागणीवर थांबतो. पद्धत ओबडधोबड खरी, पण प्रोग्राम दर वेळी त्याच क्रमाने चालत असेल तर आजही ती अचूक ठरते.

२००२मध्ये ज्युलियन सीवर्ड यांनी प्रकाशित केलेल्या व्हॅलग्रिंड या साधनाने हे सारे फुकट आणि पुन्हा कंपाइल न करता मिळवून दिले, मात्र त्याच्या मेमचेक या मेमरी-तपासनीसाखाली प्रोग्राम १० ते ३० पट संथ होतो. २०११च्या ३.७ आवृत्तीपासून त्यात जीडीबी जोडता येऊ लागला आणि प्रोग्राम थांबलेल्या जागीच गळतीची तपासणी मागवता येऊ लागली. गूगलच्या अ‍ॅड्रेससॅनिटायझरने २०१२मध्ये संथपणाची किंमत सुमारे दुपटीवर आणली. तो चुका पकडतो, परंतु हीप कसा भरत गेला याचे चित्र देणे हे त्याचे काम नव्हे.

कचरा-संकलन असलेल्या भाषांची वाट यापेक्षा कितीतरी सोपी होती, कारण तिथे प्रत्येक ऑब्जेक्टचा प्रकार रनटाइमला (प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेला) मुळातच ठाऊक असतो. स्मॉलटॉक-८०मध्ये एखाद्या क्लासला त्याचे सर्व हयात ऑब्जेक्ट सरळ विचारता येत. जावाच्या जगात २००८मध्ये हीप दाखवणारे व्हिज्युअलव्हीएम जेडीके या जावाच्या विकास-संचाबरोबरच येऊ लागले. सी आणि सी++ लिहिणारे तेव्हा त्याकडे थोड्या हेव्यानेच पाहत असतील.

त्यांची पाळी व्हिज्युअल स्टुडिओ २०१५बरोबर आली. त्यातील डायग्नॉस्टिक टूल्सच्या खिडकीत डीबगिंग चालू असतानाच मेमरीचा आलेख सरकत राहतो, ब्रेकपॉइंटवर (आधी ठरवलेल्या थांब्यावर) हीपचा स्नॅपशॉट घेता येतो आणि दोन स्नॅपशॉटमधील वजाबाकी ब्लॉकांची संख्या व बाइट या दोन्हींत मिळते. मात्र सी आणि सी++च्या कोडसाठी हीप प्रोफाइलिंग चालू केलेले असावे लागते. २०१६च्या एक्सकोड ८मध्ये मेमरी ग्राफ डीबगर आला, ज्यात ऑब्जेक्टांमधील संदर्भांचे जाळे आणि एकमेकांना धरून बसलेली चक्रे दिसतात. ब्लॉक कुठून मागितला हे तिथे कळावे म्हणून प्रोग्राम चालवण्यापूर्वी मॅलॉकच्या कॉल स्टॅकची नोंद चालू करावी लागते. कारकून आधीपासून बसवलेला नसेल तर मागची आवक सांगणार कोण?

जीडीबीने स्वतः हीपचे चित्र कधी दिले नाही, पण २००९च्या ७.० आवृत्तीपासून त्यात पायथन भाषेत जोडण्या लिहिण्याची सोय आल्यावर इतरांनी ते काम उचलले. विशेष म्हणजे ग्लिबसीच्या हीपचे सर्वात बारकाईने काढलेले चित्र आज सुरक्षा-संशोधकांच्या पीडब्ल्यूएनडीबीजीसारख्या जोडण्यांत मिळते, कारण मुक्त तुकड्यांच्या साखळ्या कशा बिघडवता येतात यावरच त्यांची सारी मदार असते.

हिशेबनीस दारात बसवण्याच्या पद्धतीला एक मर्यादा मात्र कायम आहे. अनेक मोठे प्रोग्राम मॅलॉककडून किंवा थेट कार्यप्रणालीकडून मोठा साठा एकदाच घेतात आणि त्याचे तुकडे स्वतः वाटतात. बाहेरच्या डीबगरला अशा वेळी एकच अजस्र ब्लॉक दिसतो. व्हॅलग्रिंड यासाठी काही मॅक्रो पुरवते, जे अ‍ॅलोकेटरच्या लेखकाने आपल्या कोडमध्ये पेरून प्रत्येक वाटप कळवायचे असते. व्हिज्युअल स्टुडिओही स्वतंत्र हीपसाठी तशाच घटना नोंदवण्याची हेडर फाइल देते. तेवढे कष्ट घेतले नाहीत, तर आलेखावर मेमरी एकदा चढलेली आणि नंतर सपाट राहिलेली दिसते, मग आत कितीही उलाढाल चालू असो.