शाहू महाराज शुल्क सवलत: कागद प्रवेशाआधीच जमवा

बारावीचा निकाल लागला की घराघरात एकच हिशोब सुरू होतो, इंजिनिअरिंगची किंवा फार्मसीची फी भरायची कुठून? राज्य सरकारची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना नेमकी त्यासाठीच आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर खुल्या प्रवर्गातल्या मुलाची निम्मी ट्यूशन फी आणि निम्मी परीक्षा फी शासन भरते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी हीच सवलत शंभर टक्के आहे.

उत्पन्नाशिवाय आणखी एक मोठी अट: प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला एक रुपयाही मिळत नाही. 'सीट मिळतेय ना, घेऊन टाका' म्हणणाऱ्यांचे ऐकण्याआधी एवढे लक्षात ठेवा.

कागद असे लागतात: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, दहावी-बारावीची गुणपत्रिका, टीसी, कॅपचे अलॉटमेंट लेटर, फीची पावती, रेशनकार्ड आणि लागू असेल तर जातीचा दाखला. यातला उत्पन्नाचा दाखला सगळ्यात जास्त रखडतो. आधी तलाठ्याचा अहवाल, मग सेतू केंद्रात अर्ज, मग सही. जून-जुलैत तिथे रांगा लागतात, म्हणून एप्रिलमध्येच जा. फक्त तो दाखला नव्या आर्थिक वर्षात चालणारा आहे ना, हे पाहून घ्या.

अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर होतो. आधारच्या ओटीपीने प्रोफाईल तयार करायचे, कागद अपलोड करायचे, योजना निवडून अर्ज सादर करायचा. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडे. त्रुटी असेल तर 'सेंड बॅक' होऊन परत येतो आणि मुदतीत दुरुस्त केला नाही तर तिथेच पडून राहतो. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या मुलीचा अर्ज असाच परत आला. गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव 'ज्ञानेश्वर', आधारवर 'ज्ञानेशवर'. एका अक्षरासाठी तीन आठवडे गेले. अर्ज भरण्याआधी सगळे कागद शेजारी-शेजारी मांडून नावे ताडून पाहा.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. खात्याला आधार नंबर दिलाय म्हणजे जोडणी झालीच असे नाही, बँकेत जाऊन 'आधार सीडिंग' झाले का ते विचारा. अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा असतो, दुसऱ्या वर्षी अनेक जण इथेच चुकतात. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना वसतिगृह भत्त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख योजना वेगळी आहे, तिचा अर्जही याच पोर्टलवर.

उरलेल्या फीसाठी कर्ज काढायचे तर केंद्र सरकारच्या शैक्षणिक कर्ज योजनेचे पीएम-विद्यालक्ष्मी पोर्टल पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची ७५ टक्के हमी असते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधीच्या काळात ३ टक्के व्याजसवलत आहे. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ही सवलत नाही. म्हणजे शाहू महाराज योजनेचा लाभ आणि हे ३ टक्के दोन्ही एकदम धरता येत नाहीत. फायदा कशात जास्त, ते कागदावर मांडून बँकेत जाण्याआधीच ठरवा.