पार्श्वभूमी : सांगलीच्या महाविद्यालयांतले जुने हॉलिवूड

महाविद्यालयाच्या सभागृहात जुना हॉलिवूडपट लावायचा, तर पूर्वी मुख्य अडचण चित्रपट मिळण्याची असे. फिल्म सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ १९५९ मध्ये झाला, पुण्यात सरकारी चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये आले आणि १६ मिमीच्या रिळांमुळे लहान शहरांतही असे खेळ करता येऊ लागले. पुढे व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी आणि प्रोजेक्टर आले. रिळांची यातायात संपली आणि हक्कांचा प्रश्न समोर आला.

कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्यातले कलम ५२ शैक्षणिक संस्थांना सवलत देते. चित्रपट संस्थेच्या उपक्रमाचा भाग असावा आणि प्रेक्षक म्हणून कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक व संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढेच असावेत. खरा गुंता या शेवटच्या गटाचा. निवृत्त प्राध्यापक त्यात धरायचे का? माजी विद्यार्थी? सांगली जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालये १९६२ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या विद्यापीठाशी संलग्न आहेत. मग सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या खेळाला मिरजेच्या महाविद्यालयातला विद्यार्थी आला, तर तो घरचा की बाहेरचा? दोघांच्या पदवीवर विद्यापीठ एकच असताना त्याला दारातून परत पाठवणे सवलतीच्या हेतूला धरून नाही. कलमात मात्र ‘शैक्षणिक संस्था’ एवढेच म्हटले आहे, आणि परवानगीच्या कागदावर सही करणारा माणूस साहजिकच अरुंद अर्थ धरून चालतो. त्यात नुकसान होते ते चित्रपट बघायला खरोखर उत्सुक असलेल्यांचे.

या वादात मुदतीचा मुद्दा मागे पडतो, आणि तोच सर्वांत उपयोगाचा आहे. भारतात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. परदेशी चित्रपटाला इथे याहून जास्त संरक्षण मिळत नाही. १९४२ चा ‘कॅसाब्लांका’ अमेरिकेत ९५ वर्षांच्या हिशेबाने २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहे, भारतात त्याची मुदत २००२ अखेर संपली. म्हणजे ज्याला आपण हॉलिवूडचा सुवर्णकाळ म्हणतो, त्यातल्या चित्रपटांसाठी ‘संबंधित व्यक्ती’ कोण याचा काथ्याकूट बहुतांशी अनावश्यक आहे. पटकथा आणि संगीत यांचे हक्क वेगळे मोजले जातात, त्यांची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. तेवढे तपासावे लागते. घरगुती वापरासाठी घेतलेल्या ओटीटी सदस्यत्वावर सभागृहात खेळ लावणे ही तर कराराची बाब, तिथे चित्रपटाचे वय कामी येत नाही.

१९६५ चे चित्रपट २०२५ अखेर मुदतीबाहेर जातात. पडद्यावर काय दाखवू नये हे ठरवणारी अमेरिकी स्टुडिओंची जुनी नीतिसंहिता १९६८ मध्ये गेली. त्यानंतरचे मोकळे, धीट चित्रपट, ज्यांची विद्यार्थ्यांना सर्वाधिक ओढ असते, अजून हक्कांच्या कक्षेत आहेत. मिरजेच्या विद्यार्थ्याचा प्रश्न त्यांच्यापुरता तरी सोडवावाच लागेल.