‘तिकडच्या बायका बघा’: एका जुन्या युक्तिवादाची पार्श्वभूमी

बसमध्ये नको तिथे हात लागला, ऑफिसात साहेबाचं वागणं खटकतं, बाजारपेठेत बायकांसाठी मुतारी नाही, यांतलं काहीही बोललं की एक उत्तर तयार असतं: जरा अफगाणिस्तानातल्या बायका बघा, मग कळेल तुम्ही किती सुखात आहात. दगडापेक्षा वीट मऊ, तेव्हा विटेचा मार मुकाट्यानं खायचा. मुंबईत २०११ च्या सुमारास ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली. पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला पैसे हे बंद करा, आणि बायकांसाठी पुरेशी स्वच्छतागृहं बांधा, एवढंच मागणं होतं. हे मागणं महापालिकेकडे होतं, त्यात काबूलचा संबंध कुठेच येत नव्हता. तरीही दूरच्या बाईचं दुःख पुढे केलं की जवळच्या बाईचं असं मागणं क्षुल्लक वाटायला लागतं. हा युक्तिवाद आजचा नाही. त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली ‘तिकडची बाई’ बराच काळ आपल्याकडचीच बाई होती.

१८१७ साली जेम्स मिल या ब्रिटिश विचारवंतानं ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. तो हिंदुस्थानात कधी आला नव्हता, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. पण स्त्रियांची स्थिती हे संस्कृतीचं माप आहे आणि त्या मापात हिंदू समाज अगदी तळाशी आहे, असा निवाडा त्यानं दिला. कंपनी सरकारातल्या तरुण अधिकाऱ्यांच्या पिढ्या हे पुस्तक वाचून इकडे आल्या. याच मिलनं १८२० मध्ये राज्यव्यवस्थेवर लिहिताना म्हटलं की बाईचं हित बापाच्या किंवा नवऱ्याच्या हितात सामावलेलं असतं, म्हणून तिला वेगळ्या मताची गरज नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये लग्न झालं की बाईचा पैसाअडका आणि तिची मजुरी कायद्यानं नवऱ्याची होत असे. ही स्थिती बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. विल्यम थॉम्प्सन या आयरिश विचारवंतानं ॲना व्हीलर या स्त्रीहक्कवादी लेखिकेच्या विचारांच्या आधारे १८२५ मध्ये मिलला सविस्तर उत्तर दिलं आणि इंग्रज बायकोच्या स्थितीला सरळ गुलामगिरी म्हटलं. पण मिलचं पुस्तक गाजत राहिलं आणि हे उत्तर मागे पडलं.

या तुलनेतली खोट सगळ्यांत स्पष्ट दिसते ती मुंबईच्या रखमाबाईंच्या खटल्यात. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजींशी झालं, पण त्या सासरी नांदायला कधी गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हींनी तो फेटाळला. त्यांचं म्हणणं असं की हा दावाच मुळी इंग्लंडातून आणलेला आहे, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, आणि जी बाई कधी नवऱ्याबरोबर राहिलीच नाही तिला जबरदस्तीनं पाठवणं हे क्रौर्य आहे. अपिलात प्रकरण उलटलं. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कळवलं की तुरुंगात जाईन, पण तिकडे जाणार नाही.

‘केसरी’ आणि ‘मराठा’ रखमाबाईंच्या विरोधात उभे राहिले, धर्म बुडाल्याची ओरड झाली. तिकडे लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांचं पत्र छापून आलं आणि हिंदू बाईच्या हालांवर हळहळ सुरू झाली. पण ज्या दाव्यासाठी त्यांना कैदेची धमकी होती तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून इकडे आलेला. खुद्द इंग्लंडमध्ये अशा हुकुमासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ च्या कायद्यानं काढून टाकली होती. म्हणजे ज्या वर्षी दादाजींनी दावा लावला, त्याच वर्षी लंडनची बायको त्या कैदेतून सुटली आणि मुंबईची अडकली. धर्मरक्षक म्हणवणारे इंग्रजी तरतूद हिंदू म्हणून राखत होते, आणि इंग्रज आपलीच तरतूद हिंदू रानटीपणाचा पुरावा म्हणून दाखवत होते. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत, राजकोटला काम करत राहिल्या. हिंदुस्थानात या कारणासाठी बायकोला कैद करण्याची तरतूद १९२३ मध्ये गेली. दावा मात्र राहिला. इंग्लंडनं तो १९७० मध्ये रद्द केला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला होता, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला.

तुलना मुळातच वाईट असते असं मला म्हणायचं नाही. याच काळात पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. १८८९ मध्ये त्यांनी मराठीत तिथल्या लोकस्थितीवर पुस्तक लिहिलं. तिथल्या बायकांनी शिक्षणासाठी, कामासाठी कसा झगडा केला आणि अजून काय मिळालेलं नाही, हे त्यांनी आपल्या वाचकांना समजावून सांगितलं. तिथली बाई दाखवून इथल्या बाईला गप्प करायचं त्यांच्या मनातही नव्हतं. तिथल्या झगड्यातून इथे काय करता येईल, हे त्या शोधत होत्या. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या शंभर वर्षांत रमाबाईंसारखी तुलना फार थोड्यांनी केली.

लॉर्ड क्रोमर हा ब्रिटिश अधिकारी १८८३ ते १९०७ इजिप्तचा कारभार पाहत होता. पडदा आणि बाईची हीन स्थिती यांमुळे इजिप्त मागास राहिला, असं तो ठासून लिहीत असे. त्याच्याच कारभारात सरकारी शाळांची फी वाढली आणि मुलींच्या शिक्षणावरचा खर्च आखडला. स्त्री डॉक्टर तयार करण्यालाही त्यानं उत्तेजन दिलं नाही. सुधारलेल्या देशांत बायकांना पुरुष डॉक्टरच तपासतात, हे त्याचं कारण. इंग्लंडला परतल्यावर तो स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या पुरुषांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याच्यानंतर या विरोधाचं नेतृत्व आलं लॉर्ड कर्झनकडे. मराठी वाचकाला तो वंगभंगाचा व्हाइसरॉय म्हणून ठाऊक आहे. मताधिकार का नको याची कारणं त्यानं जी मांडली, त्यांत एक असं होतं की इंग्रज बायकांना मत दिलं तर हिंदुस्थानात त्याचा भलताच अर्थ घेतला जाईल आणि तिथली सत्ता कमकुवत होईल. म्हणजे लंडनच्या बाईनं मत मागू नये, कारण साम्राज्य हिंदुस्थानात आहे.

मग हिंदुस्थानी बाईनं मत मागितलं तेव्हा काय झालं? डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ मद्रासला ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं. मत कुणाला द्यायचं हे ठरवायला नेमलेल्या साउथबरो समितीनं ही मागणी नाकारली. इथली समाजस्थिती फार जुनाट आहे, बायका पडद्यात आहेत, तेव्हा एवढ्यात नको. मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन १९१९ मध्ये लंडनला गेल्या, खासदारांना भेटल्या, सभा घेतल्या. अखेर प्रश्न प्रांतांवर सोपवला गेला, आणि मद्रास व मुंबई प्रांतांनी १९२१ मध्ये मताधिकार दिला. ‘आपल्या बायकांना मत न झगडता मिळालं’ असं आजही बिनदिक्कत सांगितलं जातं, तेव्हा या मायलेकींचं नाव कुणाला आठवत नाही याचं मला वाईट वाटतं.

१९२७ साल तर या सगळ्याचा कळस. जानेवारीत पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. बडोद्याच्या चिमणाबाई गायकवाड अध्यक्ष होत्या. मुलींच्या शिक्षणाचा विचार करायला जमलेल्या या बायकांनी बालविवाहाच्या विरोधातही ठराव केला. काही महिन्यांनी कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेचं हिंदुस्थानवरचं कुप्रसिद्ध पुस्तक आलं. बालवधूंचे हाल दाखवून हे लोक स्वराज्याला नालायक आहेत, हे तिला सिद्ध करायचं होतं. गांधीजींनी त्याला गटारतपासनीसाचा अहवाल म्हटलं. चिडलेल्या पुरुषांनी उत्तरादाखल पुस्तकं लिहिली: अमेरिकेतले घटस्फोट बघा, तिथला व्यभिचार बघा, तिथे काळ्यांना जिवंत जाळतात ते बघा. अमेरिकेबद्दलचं त्यातलं पुष्कळ खरंही होतं. पण त्यानं दहा वर्षांच्या मुलीचं लग्न एका दिवसानंही पुढे जाणार नव्हतं.

ते पुढे नेण्याचं काम दुसरीकडे चाललं होतं. सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालच्या संमतिवय समितीनं देशभर फिरून साक्षी घेतल्या, महिला परिषदेनं पाठपुरावा केला, आणि सप्टेंबर १९२९ मध्ये शारदा कायदा झाला. लग्नाचं किमान वय मुलीसाठी १४, मुलासाठी १८. त्याच शरद ऋतूत लंडनमध्ये ब्रिटिश स्त्रियांनी हिंदुस्थानातल्या सामाजिक दोषांवर परिषद भरवली, तेव्हा हिंदुस्थानी कार्यकर्त्या धन्वंती रामा राव यांनी उभं राहून विचारलं की आमच्याबद्दल बोलण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला? त्यांच्यासारख्याच बायका मायदेशी बालविवाहाविरुद्ध लढत होत्या. बाहेरच्यांचा तोरा आणि घरच्यांचं झाकपाक, दोन्ही त्यांनी एकाच वेळी नाकारलं.

स्वातंत्र्यानंतर तुलनेची दिशा फिरली. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळालं ते १९७१ मध्ये, आणि तेव्हा आपल्याकडे पंतप्रधानपदी बाई होती. हे अभिमानानं सांगितलं जाई आणि अभिमान रास्तही होता. पण १९७१ मध्येच नेमलेल्या स्त्रियांच्या दर्जाविषयक समितीचा अहवाल डिसेंबर १९७४ मध्ये आला, त्यानं सगळे हादरले. १९०१ मध्ये हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ मध्ये ९३० उरल्या होत्या.

अफगाण बाई या युक्तिवादात ठळकपणे आली ती २००१ नंतर. १७ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी नवऱ्याच्या साप्ताहिक रेडिओ भाषणाच्या जागी बोलताना दहशतवादाविरुद्धची लढाई ही स्त्रियांच्या हक्कांचीही लढाई असल्याचं सांगितलं. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय करारावर अमेरिकेनं १९८० मध्ये सही केली आहे, सिनेटनं मात्र त्याला आजवर मान्यता दिलेली नाही. विवेकवादी वर्तुळंही यातून सुटली नाहीत. २०११ मध्ये डब्लिनच्या एका नास्तिक परिषदेत एका अमेरिकन वक्तीला पहाटे चारला लिफ्टमध्ये एका पुरुषानं आपल्या खोलीवर बोलावलं. असं करू नका, एवढंच तिनं नंतर सांगितलं. त्यावर नास्तिक चळवळीतले प्रसिद्ध ब्रिटिश लेखक रिचर्ड डॉकिन्स यांनी एका काल्पनिक मुस्लिम स्त्रीला उद्देशून उपहासानं लिहिलं की तुझे हाल काहीच नाहीत, बघ बिचाऱ्या अमेरिकन भगिनीला काय सोसावं लागतं. २०१४ मध्ये त्यांनी त्याबद्दल माफी मागितली.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये परतले आणि आपल्याकडे हे उत्तर पुन्हा रोजचं झालं. त्याच महिन्यात भारतानं देशाबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा रद्द केले. पुण्यासह अनेक शहरांतल्या विद्यापीठांत वर्षानुवर्षं अफगाण विद्यार्थी शिकत आले आहेत. सुट्टीला घरी गेलेले कितीतरी जण, त्यांत मुलीही, तिकडेच अडकले. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबाननं मुलींना विद्यापीठाचे दरवाजे बंद केले. ज्यांच्या तोंडी अफगाण बायकांचं नाव सतत असतं, त्यांच्यापैकी या मुलींच्या व्हिसासाठी आवाज उठवणारे मला फारसे दिसले नाहीत.

दुसऱ्या बाजूला, परदेश आपल्यापुढे असला की तुलनाच नको असते. नवऱ्यानं केलेला बलात्कार हा बलात्कारच, असं इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १९९१ मध्ये म्हटलं, नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये. आपल्याकडे एप्रिल २०१५ मध्ये गृहराज्यमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की ही आंतरराष्ट्रीय कल्पना भारताला लागू पडत नाही. इथलं दारिद्र्य, निरक्षरता, रूढी आणि विवाहाला संस्कार मानण्याची वृत्ती ही कारणं त्यांनी दिली. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या प्रश्नावर परस्परविरुद्ध निकाल दिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ६३ मध्ये नवऱ्याला दिलेली सूट तशीच आहे. बायको अठरा वर्षांची असली की पुरे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन ही सूट राहू द्यावी असं सांगितलं.